नावाला जागणारा कोट

कापड फाटल्याचा आवाज टेलरमास्तरांच्या मुलीला झोपेतही ओळखू आला असता. आणि त्या दुपारी तर ती टक्क जागी होती, कटिंगच्या टेबलापाशी उभी राहून खडूला धार लावत होती. बाहेर भुरभुर पाऊस लागला होता. दुकानाच्या पुढच्या छपराखाली कुणीतरी घाईघाईने शिरलं आणि — चर्रर्र…

ती धावतच दारात आली. शटरच्या चौकटीला एक जुना खिळा होता. 'काढायला हवा, काढायला हवा' असं सगळेच म्हणायचे आणि काढत कुणीच नव्हतं. त्या खिळ्याला खांद्यापाशी एक करडा कोट अडकला होता, आणि कोटाच्या आत किंचित पोक काढलेला एक उंच तरुण अडकला होता. त्याच्या एका हातात पुस्तकांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात मिटलेली छत्री.

"हलू नका," ती म्हणाली.

"हललो तर?"

"तर एका बाहीचा कोट घालून घरी जाल."

तो पुतळ्यासारखा उभा राहिला. टाचा उंचावून तिने कापड अलगद सोडवलं. तेवढ्या वेळात त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा छपराकडे पाहिलं, आणि मग छपराकडेच पाहत राहिला.

"छत्री आहे की तुमच्याजवळ," ती म्हणाली.

"आहे… पण उघडत नाही."

"बरं. आत या. कोट शिवून देते."

"अहो, राहू द्या. जुनाच आहे."

"कोट तुमचा असला तरी खिळा आमचा आहे," ती म्हणाली. हे ती अशा काही तोऱ्यात म्हणाली की तो बिचारा छत्री सांभाळत निमूट आत आला.

आत खुर्चीवर बाबा बसले होते. सगळी गल्ली त्यांना 'मास्तर' म्हणायची. कोपऱ्यात आत्या काजं करत बसली होती. तिचे डोळे सुईवर असायचे आणि कान साऱ्या जगावर. बाबांनी फाटलेला कोट मांडीवर घेतला, उजेडाकडे धरला, आणि मान हलवली.

"याला रफू करणं म्हणजे पडक्या भिंतीला रंग देणं. कापडात जीवच उरला नाही. घाई आहे का?"

"महिनाअखेरीला मला शिक्षकांच्या सभेत बोलायचंय," तो म्हणाला. "मी पलीकडच्या गल्लीत इंग्रजी शिकवतो. एवढ्या मोठ्या सभागृहात पहिल्यांदाच बोलणार आहे, म्हणून म्हटलं, निदान कोट तरी…" तो थांबला आणि हसला.

बाबांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. गेल्या वर्षी आजारपणानंतर त्या हाताला कंप सुटला होता. मोठी कात्री तेव्हापासून भिंतीला टांगलेली होती. मुलगी पँट कापायची, शर्ट कापायची, पण कोट आजवर बाबांच्याच हातचा. आणि कोटाच्या बाबतीत या दुकानाचा एक रिवाज होता. आतल्या खिशावर दुकानाच्या नावाची छोटी पट्टी असे, आणि ती बाबा स्वतः टाचत. कोट अंगावर चढवून, पाहून, मनात भरला तरच. नाही भरला, तर पट्टी नाही. आणि पट्टी नाही तर कोट दुकानाबाहेर नाही.

"हा कोट तू काप," बाबा तिला म्हणाले. "एकटीनं. मी मध्ये बोलणार नाही, बघणारही नाही. शेवटी बघेन. पट्टी लागली, तर कात्री आणि दुकान तुझं. नाही लागली, तर तुझ्या भावाला हो म्हणू."

भाऊ म्हणजे चुलतभाऊ. तो दर रविवारी येऊन 'काका, आता रेडीमेडचा जमाना आहे' असं सांगून जायचा, आणि जाताना भिंतींकडे असा बघायचा की जणू शेल्फ कुठे ठोकायचे ते ठरवतोय. तिचं नाक लाल झालं. पण ती एवढंच म्हणाली, "कापेन."

"पण मी नव्या कोटाचं—" शिक्षक बोलू लागला.

"तुम्ही मला इंग्रजी शिकवा," तिने त्याचं बोलणं तोडलं. "समोर नवी ऑफिसं झालीत. तिथली माणसं येतात, इंग्रजीत काही सांगतात, आणि मी नुसती मान डोलावते. मला मान डोलवायला आवडत नाही."

"ते दिसतंच आहे," तो म्हणाला.

आत्याने दातांनी दोरा तोडला. "आता एका दुकानात दोन मास्तर," ती म्हणाली.

माप दुसऱ्या दिवशी घेतलं. बाबा हाताच्या व्यायामाला गेले होते. तो आरशासमोर उभा राहिला आणि तिने गळ्यातली टेप काढली. एरवी दिवसाला दहा माणसांची मापं घेणारी ती, पण आज काय झालं होतं कोण जाणे. त्याच्या बाहीला खडूची भुकटी होती आणि केसांना पावसाचा ओला वास येत होता. तिने खांदा मोजला, पाठ मोजली, छाती मोजली. तो श्वासही न घेता उभा होता. ती आकडे सांगत होती, आत्या लिहीत होती, आणि त्यापलीकडे कुणी चकार शब्द बोललं नाही.

मग रोज दुपारी, गिऱ्हाईक नसताना, शिकवणी सुरू झाली. ती कापड आखायची, कापायची, कच्चे टाके घालायची, आणि तो टेबलाच्या कडेला बसून बोलायचा. पहिल्याच दिवशी त्याने विषय काढला तो फ्रेझल व्हर्बचा, म्हणजे जोडक्रियापदांचा. "गिव्ह अप. म्हणजे सोडून देणं, नाद सोडणं."

"गिव्ह म्हणजे देणं ना?"

"एकटं असेल तर देणं. शेजारी 'अप' येऊन बसलं की त्याचा नूरच पालटतो. 'इन' बसलं तर हार मानतं."

"माझे यजमानही एकटे होते तोवर गायचे," आत्या कोपऱ्यातून म्हणाली.

"आणि माझ्या वर्गात एक नियम आहे," तो पुढे म्हणाला. "खोटं वाक्य चालत नाही. पुस्तकातली माणसं रोज सिगारेट सोडतात. त्यांनी सोडलेल्या सिगारेटचा तुम्हाला काय उपयोग? वाक्य आपल्या स्वतःच्या आयुष्यातलं पाहिजे, आणि खरं पाहिजे. तेव्हाच ते क्रियापद तुमचं झालं."

हा नियम तिला फार आवडला. आपल्याकडेही तसंच, तिला वाटलं; अंगावर बसल्याशिवाय कापड कोट होत नाही. दुसऱ्या दिवशी 'पुट अप विथ' आलं, म्हणजे सहन करणं, चालवून घेणं. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "आय पुट अप विथ माय आत्या."

आत्याचा हात थांबला. "माझं नाव घेतलंस? काय म्हणाली हो सर ही?"

"तुमच्यावर तिचा फार जीव आहे, म्हणाली."

"तुमच्यात खोटं वाक्य चालत नाही ना?" आत्या म्हणाली, आणि ती दोघं इतकी हसली की कापडावरची खडूची रेघ वाकडी गेली. तिने ती पुसून पुन्हा काढली. हसताना तो आपल्याकडे पाहतो हे तिच्या ध्यानात आलं होतं… आणि ती पाहत नसतानाही पाहतो, हेही.

एका दुपारी त्याने म्हटलं, "लिव्ह अप टू. हे मला सभेतही सांगायचंय. कुणी आपल्याकडून काही अपेक्षा धरलेली असते, किंवा एखादं मोठं नाव आपल्याला मिळालेलं असतं. त्याला कमी न पडणं."

"नावाला जागणं," ती म्हणाली.

"हो. नावाला, शब्दाला, कुणी केलेल्या कौतुकाला. नाटकाची खूप वाहवा ऐकून गेलो आणि ते रटाळ निघालं, तर ते त्या वाहवेला 'लिव्ह अप' झालं नाही. आता तुमचं वाक्य."

तिने शिवत असलेल्या कोटाकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या कात्रीकडे. वाक्य जिभेवर होतं. माय फादर्स नेम हे तीन शब्दही जुळले होते. पण ते वाक्य खरं होतं का?

"आज नाही," ती म्हणाली. "पट्टी लागली की सांगेन."

"आणि नाही लागली तर?"

"तर हे क्रियापद माझं नाही."

त्याने टेबलावरचा खडू उचलून तिच्या हाताजवळ ठेवला, एवढंच. ती सुई ओवत राहिली, आणि सुई काही ओवली जाईना.

सभेला चार दिवस उरले असताना ट्रायल झाली. बाबा व्यायामाहून यायचे होते. त्याने कोट चढवला आणि आरशात पाहून त्याचा चेहरा खुलला. "वा… किती छान झालाय."

ती मात्र मागून मानेकडे पाहत होती. कॉलर मान सोडून मागे उभी राहिली होती. त्या फटीत दोन बोटं सहज गेली असती. मागची बाजू वर उचलली गेली होती, पुढे कापड लोंबत होतं. रेघ चुकली नव्हती, शिलाई चुकली नव्हती. मग काय चुकलं?

"काय झालं?" त्याने विचारलं, आणि तिचा चेहरा पाहून तो घाबरून ताठ उभा राहिला. त्याबरोबर कॉलर जाऊन मानेला चिकटली. पाठ सपाट झाली. कोट असा बसला की दृष्ट लागावी.

तिने डोळे मिटून घेतले. आलं सगळं ध्यानात. माप घेताना हा गृहस्थ छाती काढून, पाठ ताणून, श्वास रोखून उभा होता. एरवी हा पोक काढून चालतो, हे पहिल्याच दिवशी तिने दारात पाहिलं होतं. बाबांनी लहानपणापासून कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं: गिऱ्हाइकाला बोलतं ठेव. माप घेताहेत हे ते विसरलं, की मग माप घे. मापाला उभा राहिलेला माणूस खोटा असतो. आणि ती मात्र त्या दिवशी तोंडात गुळणी धरल्यासारखी गप्प राहिली होती.

तिने त्याला सगळं सांगितलं. त्याचं तोंड उतरलं, मग एकदम उजळलं.

"मग सोपं आहे की. मास्तर आले की मी असाच ताठ उभा राहतो. पट्टी लागेल. आणि सभेतही ताठच राहीन. मीच या कोटाला लिव्ह अप होतो."

त्याने हे इतक्या मनापासून म्हटलं की तिला क्षणभर त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. बाबा कोपऱ्यावर दिसत होते. पाच मिनिटं तो ताठ उभा राहिला असता, तर कात्री तिची होती, दुकान तिचं होतं, चुलतभावाची शेल्फं त्याच्याच घरी राहिली असती.

"आणि श्वास सोडाल तेव्हा?" ती म्हणाली.

"नाही सोडणार."

"कोट माणसासाठी असतो हो. माणूस कोटासाठी नसतो. काढा तो."

बाबा आत आले तेव्हा तिने कोट त्यांच्यासमोर धरला. "चुकला. मी यांना बोलतं ठेवलं नाही. ताठ उभे होते, तसंच माप घेतलं."

"मी शिकवलं होतं."

"हो."

"मग विसरलीस कशी?"

तिने मान खाली घातली. तिचे कान तापले. कोपऱ्यात आत्या खोकली. बाबांनी मुलीकडे पाहिलं, मग शिक्षकाकडे पाहिलं, जो आता छपराऐवजी पंख्याकडे पाहत होता. मास्तरांनी उभ्या जन्मात हजारो माणसं मापली होती. ही दोन मापायला त्यांना वेळ लागला नाही.

"मी शेवटी बघेन म्हणालो होतो," ते म्हणाले. "शेवट झालाय का?"

"नाही."

"पाठीपुरतं कापड उरलंय?"

"उरलंय. पाठ नवी कापते. पुढचं उसवून बसवते."

"मग माप घे. मी जरा तो खिळा बघून येतो." आणि बाबा बाहेर जाऊन, दुकानाकडे पाठ करून, खिळ्याचं निरीक्षण करत उभे राहिले.

ती टेप घेऊन त्याच्या मागे उभी राहिली. "बोला," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही. पण खरं. तुमचाच नियम."

त्याने आरशातून नजर काढली. मग म्हणाला, "छत्री उघडते."

"काय?"

"माझी छत्री. चांगली उघडते. त्या दिवशीही उघडत होती."

टेप तिच्या हातात थांबली. तो आरशात न पाहता सांगत राहिला. "वर्षभर मी या रस्त्यानं जातोय. एकदा एक गृहस्थ पँट घेऊन निघाला होता. तुम्ही मागून धावत आलात, म्हणालात, डावी शिलाई एक दोरा वाकडी आहे, परत द्या. तो म्हणाला, चालेल हो. तुम्ही म्हणालात, तुम्हाला चालेल, मला नाही चालणार. मी तिथेच उभा होतो. मला वर्गाला उशीर झाला त्या दिवशी."

"पाठ किती?" आत्याने विचारलं.

तिने आकडा सांगितला. तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

"तेव्हापासून वाटत होतं, या मुलीनं कधी आपल्याकडे पाहिलंच, तर तेव्हा आपण ताठ उभं असावं. म्हणून त्या दिवशी श्वास धरला." त्याचे खांदे हळूहळू खाली आले. पाठ आपल्या नेहमीच्या बाकात गेली. आपलं माप घेताहेत हे तो साफ विसरला होता. "मला तुम्ही आवडता. फार आवडता. हे मला इंग्रजीत जास्त सोपं गेलं असतं… पण मग खरं वाटलं नसतं."

"छाती किती?" आत्या म्हणाली.

"थांब ना गं आत्या."

"मी थांबते. पण हे पुन्हा ताठ व्हायच्या आत घे."

तिने छाती मोजली. टेपच्या खाली त्याचं काळीज धाडधाड उडत होतं, आणि तिचंही काही कमी नव्हतं. आकडा सांगून झाल्यावर तिने टेप गळ्यात टाकली.

"आमच्याकडे अपुरं काम गिऱ्हाइकाच्या हातात देत नाहीत," ती म्हणाली. "उत्तर कोटाबरोबर मिळेल."

"चालेल."

"तुम्हाला चालेल," आत्या पुटपुटली. "माझ्या जिवाला घोर."

सभेच्या दिवशी सकाळी कोट पुरा झाला. बाबांनी शिक्षकाला उभं केलं, बसवलं, वाकून बुटाची नाडी बांधायला लावली, हात उंच करून हवेत फळ्यावर लिहायला लावलं. तो पोक काढून उभा राहिला तरी कॉलर मानेला धरून होती. बाबा त्याच्याभोवती दोनदा फिरले. मग ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "पट्टी आण."

आत्याने सुई ओवून दिली. बाबांनी कोट मांडीवर घेतला आणि आपल्या थरथरत्या हाताने पट्टी टाचायला घेतली. एक टाका वर गेला, एक खाली गेला. तिचा हात आपसूक पुढे झाला… आणि तिने तो मागे घेतला.

"बघ," बाबा दोरा तोडत म्हणाले. "या कोटात एवढंच वाकडं आहे, आणि ते माझं आहे. तुझ्या हातचं सगळं सरळ." त्यांनी भिंतीवरची कात्री काढून टेबलावर, तिच्या बाजूला ठेवली. "त्या दिवशी तू कोट माझ्यापुढे धरून चुकला म्हणालीस ना, तेव्हाच मी मनात पट्टी लावली होती. ऊर भरून आला होता माझा. पण म्हटलं, आधी काम."

तिला रडू आलं. तिला रडताना आत्याने पहिल्यांदाच पाहिलं, आणि तीही लागली डोळे पुसायला.

सभागृहात ती शेवटच्या रांगेत बसली. तो बोलायला उभा राहिला तेव्हा ताठ होता. मग रंगात आला, सगळं विसरला आणि आपल्या नेहमीच्या बाकात गेला. 'लिव्ह अप टू' समजावताना त्याने हात उंचावला, वाकला, वळला. लोक टाळ्या वाजवत होते. तिचं लक्ष कॉलरवर होतं. कॉलरने एकदाही मान सोडली नाही. शेजारच्या बाईंनी हळूच म्हटलं, "कोट काय सुरेख आहे." तिने नाक असं उंच केलं की विचारता सोय नाही, आणि म्हणाली, "माझ्या हातचा आहे."

बाहेर पाऊस भुरभुरत होता. त्याने छत्री उघडली. ती खरोखरच चांगली उघडत होती.

"एक वाक्य राहिलंय माझं," ती म्हणाली. आणि सावकाश, एकेक शब्द निवडून म्हणाली, "आय लिव्ह्ड अप टू माय फादर्स नेम."

त्याने नुसती मान लववली. थोडं चालून गेल्यावर त्याने विचारलं, "आणि कोटाबरोबर एक उत्तर मिळायचं होतं…"

"छत्री नीट धर," ती म्हणाली. "खांदा भिजतोय तुझा."

तो चालता चालता थांबला. "तुझा?"

"मग काय कोटाचा? सरक इकडे."

तो सरकला. गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा बाबा हातात पकड घेऊन दुकानाच्या दारात, त्या खिळ्यासमोर उभे होते. एका छत्रीखालून येणारी ती दोघं त्यांना दिसली. त्यांनी पकड खिशात घातली आणि आत वळून बहिणीला म्हणाले, "राहू दे गं. खिळा चांगला आहे."